गुरुवारच्या न बोलणाऱ्या बाई

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, नाहीतर मधेच ठसका लागून चहा सांडाल! माझ्या हातून जो घोळ झालाय ना, तसा आमच्या माहेरी-सासरी मिळून कुणी केला नसेल. आणि तोही काही वाईट करायला गेले म्हणून नाही हो. देवाचं करायला गेले म्हणून!

आमच्या एव्हरशाईन सिटीतल्या सोसायटीच्या देवळात आषाढात एक बुवा प्रवचनाला आले होते. म्हणाले, "चातुर्मासात आपली सगळ्यात आवडती गोष्ट देवासाठी सोडा." झालं! दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये तोच विषय. कोण काय सोडतंय? वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी कारलं सोडलं. कारलं! जन्मात कधी ताटात वाढून घेतलं नाही ते! मी मनात म्हटलं, आपण असली लबाडी करायची नाही. देव काय लिफ्टमध्ये नसतो?

मासे तर मी दर चातुर्मासात सोडतेच. मालवणची असून सोडते, तेव्हा काय ते समजा. पण यंदा काहीतरी जास्तीचं करावंसं वाटत होतं. यांना विचारलं. हे वालीवच्या एका कारखान्यात सुपरवायझर. दिवसभर मशिनींचा खडखडाट ऐकून येतात बिचारे. पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "बोलणं सोड. पुण्य तुला, शांती मला."

थट्टाच केली. पण मला ती लागली. तशीच उठले, देवापुढे उभी राहिले आणि नेम बोलून मोकळी झाले: दर गुरुवारी, झोपेतून उठल्यापासून दुपारी दत्ताला नैवेद्य दाखवेपर्यंत मौन. लिहून दाखवायचंसुद्धा नाही. बुवाच म्हणाले होते, चिठ्ठ्या लिहून पाळलेलं मौन म्हणजे एकादशीला दार लावून खाल्लेली भजी.

आता मौनाची एक गंमत मला कुणी आधी सांगितली नव्हती. मौनात बाईमाणसाला 'नाही' म्हणता येत नाही. मान हलवता येते, कबूल. पण आपली ती मान! उभी हलवा, आडवी हलवा, समोरचा त्याला हवा तोच अर्थ काढून मोकळा होतो.

पहिली मोकळी झाली ती सुगंधा. सुगंधा म्हणजे आमची मासळीवाली. पाचूबंदरच्या कोळीवाड्यातून रोज सकाळी पाटी आणि पोरगी एकाच रिक्षात घालून इकडे स्टेशनच्या पूर्वेला येते. पोरीला आमच्या सोसायटीमागच्या इंग्रजी शाळेत सोडते, आणि आमच्या गेटपाशी पाटी लावून बसते. पहिल्याच गुरुवारी मी फुलं आणायला खाली उतरले, तर हाक आली.

"ताय, ओ ताय! जानूचा डबा रिक्षात ऱ्हायला होता, आता मिलाला. शालेन नेऊन द्याल? मी उठली का मांजरं पाटीवर येतान."

मी हातानं ओठांकडे दाखवलं, मग वर आभाळाकडे दाखवलं.

"काय झालं? दात दुखतंय?"

मी पुन्हा आभाळाकडे बोट केलं.

"पाऊस येल म्हनता? म्हनूनच सांगते, बेगीन जा!" आणि डबा माझ्या हातात! वर टोमणा, "मासली घेत नाय तं नाय, बोलाय काय पैशे पडतान?"

गेले. डबा देऊन यायचं, एवढंच तर काम. दुसरीच्या वर्गाच्या दाराशी एक तरुण टीचर उभी होती, ज्युलिएट तिचं नाव, नंदाखाल गावची. मला बघून तिचा चेहरा असा उजळला, की माझ्या मुलानं लग्नाला होकार दिला तेव्हा माझाही तेवढा उजळला नसेल. भरभर इंग्रजी बोलायला लागली. मला त्यातलं "वेलकम" कळलं आणि "प्लीज" कळलं. मी हात जोडले, हसले, मान हलवली. तिनं माझा हात धरला आणि मला वर्गात नेऊन मागच्या बाकापाशी बसवलं!

खरी भानगड मला फार नंतर समजली. त्या वर्गात काही मुलं अशी होती की त्यांच्या घरी इंग्रजीचा वाराही नाही. ती मागे पडायची. त्यांच्या मदतीला एक निवृत्त, अनुभवी बाई आठवड्यातून एकदा येणार असं ठरलं होतं. त्या बाई ऐनवेळी मुलीकडे पुण्याला गेल्या, आणि तो निरोप मधेच कुठेतरी अडकला. आणि त्याच सकाळी दारात कोण उभं? नऊवारी नाही, पण चापूनचोपून नेसलेलं पातळ, कपाळाला गंध, हातात डबा, चेहऱ्यावर तपश्चर्या. अनुभवी दिसणारच की मी!

माझ्यासमोर चार मुलं. दोघांचे वडील वालीवला कामाला, बिहारहून नुकतेच आलेले. एक मुलगा आगाशीकडचा. आणि चौथी आमच्या सुगंधाची जान्हवी. दोन वेण्या, डोळे टपोरे, आणि तोंडाला कुलूप. ज्युलिएटनं माझ्या हातात चित्रांच्या कार्डांचा गठ्ठा दिला आणि ती फळ्याकडे निघून गेली.

करणार काय? एक कार्ड उचललं. एक भलामोठा पक्षी, लांब मान, उघडे पाय. खरं सांगते, मलाच त्याचं इंग्रजी नाव माहीत नव्हतं. मी कार्ड मुलांसमोर धरलं, भुवया वर केल्या आणि मनापासून विचारलं, हे काय आहे गं बाई?

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. शेवटी आगाशीचा म्हणाला, "बिग कोंबडी?"

मी मान डोलावली. मला पटलंच ते! मग काय, एकेकाची भीड चेपली. कुणी काही म्हणालं की मी मान डोलवायची. चूक म्हणायला तोंड कुठं होतं? आणि चूक आहे हे मला तरी कुठं ठाऊक होतं? त्यांच्यात आपापसात वादावादी सुरू झाली. "नो कोंबडी! ऑस्ट्रिच!" "यू नो ऑस्ट्रिच!" मी आळीपाळीनं दोघांच्याही बाजूला. मोठी मजा आली हो.

जान्हवी मात्र गप्पच. पण निघताना मी मासोळीचं कार्ड तिच्यासमोर ठेवलं, तर हळूच माझ्या कानाशी म्हणाली, "फिश." एवढंच. कानाला तिची वेणी लागली, गुदगुल्या झाल्या.

त्या दुपारी दत्ताला नैवेद्य दाखवला आणि तोंड उघडलं, तर यांच्याशी काय बोलू नि काय नको! जेवायला घरी आलेले हे म्हणाले, "मौन साठवून ठेवलेलं दिसतंय. व्याजासकट काढतेयस."

दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन खरं सांगून यावं असं ठरवलं. देवाशपथ ठरवलं होतं! चपला घातल्या, खाली उतरले, तर सुगंधा माझी वाटच बघत होती. डोळ्यांत पाणी.

"ताय, पोर काल घरा आली नि बोलली. 'फिश, फिश' करीत व्हती. माज्या पाटीतला एकेक मासा उचलून!" मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "तुमाला म्हायत नाय. टीचरनी बोलवलेलं मला. जानू वर्गान तोंडच उघडत नाय तं दिवालीनंतर परत पयलीन बसवू म्हनालेत. माजी पोर म्हनते, पयलीन बसवलं तं मी शालेनच जानार नाय. कशी समजवू तिला?"

मी सगळं सांगितलं. माझं मौन, माझा घोळ, मला इंग्रजीतलं काही येत नाही ते. सुगंधानं माझा हात घट्ट धरला. मासळीच्या वासासकट. चातुर्मासात!

"कोनाला सांगू नका. एकवीरा आयनंच तुमचं तोंड बंद केलंय माज्या पोरीसाठी. पोरीचं होऊन जाऊ द्या, मंग सांगा."

आता मला सांगा, आई एकवीरेचं नाव घेतल्यावर मी काय करणार होते? चपला काढल्या.

मग दर गुरुवारी जायला लागले. आणि घोळ फुगायला लागला!

एकदा ज्युलिएट मधल्या सुट्टीत मला स्टाफरूममध्ये घेऊन गेली. मराठीतच बोलायला लागली, तिचं ते गोड, मधे मधे इंग्रजी पेरलेलं मराठी. "काकी, यू आर अमेझिंग! आम्हाला बीएडला शिकवलेलं ना, की टीचरनं कमी बोलायचं आणि मुलांना बोलू द्यायचं. पण खरं सांगू? कोणी करून दाखवलंच नव्हतं. मी तर गप्प राहूच शकत नाही! तुम्ही एक शब्दपण बोलत नाही. एवढा कंट्रोल कसा येतो हो?"

मी आभाळाकडे बोट दाखवलं.

"गॉड्स गिफ्ट," ती बाजूच्या टीचरला म्हणाली.

मग माझ्याबद्दल गोष्टी सुरू झाल्या. मी म्हणे उटीला मोठ्या बोर्डिंगात शिकवलं होतं. कुणी म्हणालं परदेशात ट्रेनिंग झालंय. तिसरी म्हणाली, "त्यांचं इंग्लिश इतकं हाय आहे की मुलांना झेपणार नाही, म्हणून त्या बोलत नाहीत." हे सगळं माझ्यासमोर बसून, मला चहा पाजत! मी आपली बिस्किट बुडवतेय आणि मान डोलावतेय. बोलता येत असतं तर तिथल्या तिथे सांगितलं असतं... असं मी दत्ताला सांगते. पण तुमच्यापाशी कबूल करते, थोडं बरंही वाटत होतं. संसारात इतकी वर्षं बोलले तेव्हा कुणी विचारलं नाही. गप्प बसले आणि विदुषी ठरले!

एक मात्र झालं. मुलं सुधारली. कशी ते मला विचारू नका. मी शुंभासारखी चित्रं धरायची, ती भांडून भांडून नावं सांगायची. मी चुकीच्या माणसाला चुकीचं कार्ड दिलं की चौघं मिळून मला समजावायची, तेही इंग्रजीत, कारण वर्गात इंग्रजीच बोलायचं असा नियम होता. जान्हवीही बोलायला लागली, पण माझ्या कानात. मोठ्यानं नाही. ज्युलिएट जवळ आली की पुन्हा कुलूप. आणि दिवाळी तर येऊन ठेपली होती.

शेवटी एका गुरुवारी ज्युलिएट धावतच आली. "काकी, ट्रस्टी सर येतायत! हेडमिस्ट्रेस मॅडमनी त्यांना तुमच्या मेथडबद्दल सांगितलंय. दुसऱ्या शाळेच्या टीचरपण येतील बघायला. आणि जान्हवीचं पण तेव्हाच ठरवणार. ती सरांसमोर बोलली तर दुसरीत, नाहीतर..." तिनं उसासा सोडला. "उद्याच आहे. तुम्ही येणार ना?"

उद्या! म्हणजे शुक्रवार! आणि हे मला सांगितलं कधी? गुरुवारी! नाही म्हणायची सोयच नाही!

त्या दुपारी मी दत्तासमोर बसले ती उठलेच नाही. बघा ना, गुरुवारचं मौन हा नेम. पण शुक्रवारी गप्प बसायचं म्हणजे ढोंग. देवाच्या नावावर ढोंग! आणि बोलले तर सगळं उघडं पडणार, पाहुण्यांसमोर शोभा होणार, त्या गडबडीत पोरीचं काय होईल? शेवटी देवाला म्हटलं, "हे बघ, उद्याचं मौन तुझ्या खात्यात धरू नकोस. पुण्य नको मला. फक्त तिला बोलतं कर."

यांना सांगितलं, उद्याही मौन आहे. हे म्हणाले, "या बुवांचा पत्ता काय गं? पेढे पाठवतो."

शुक्रवारी वर्ग माणसांनी भरलेला. ट्रस्टी सर म्हणजे पांढऱ्या मिशांचे, शांत गृहस्थ. पाहुण्या टीचर मागे उभ्या. हेडमिस्ट्रेस मॅडमनी माझ्याकडे हात करून इंग्रजीत लांबलचक काहीतरी सांगितलं. त्यात "नॉन-व्हर्बल" असं काहीसं दोनदा आलं. मला 'नॉन' तेवढंच कळलं, आणि चातुर्मासात नॉनव्हेजचं नाव म्हणून मी कानांना हात लावले.

मग सर जान्हवीसमोर वाकले. मायेनं विचारलं, "व्हॉट इज युवर नेम?"

कुलूप.

"व्हॉट डज युवर मदर डू?"

पोरीनं मान खाली घातली. वेणीचं टोक तोंडात. मॅडमनी ज्युलिएटकडे बघितलं, ज्युलिएटनं माझ्याकडे बघितलं, मी आभाळाकडे बघायला गेले तर वर पंखा! खिडकीतून शाळेच्या गेटपाशी येऊन बसलेली सुगंधा दिसत होती. पाटी झाकून, हात जोडून, शाळेकडे तोंड करून बसली होती.

काहीतरी करावं म्हणून मी गठ्ठ्यातलं कार्ड उपसलं आणि तिच्यासमोर धरलं. गडबडीत चष्मा घरी राहिलेला. मला आपलं निळं निळं काहीतरी दिसलं. समुद्र असेल, पोर कोळ्याची, बोलेल, असा माझा हिशोब.

जान्हवीनं कार्डाकडे बघितलं. डोळे आणखी मोठे झाले. आणि मग ती अशी किंचाळली, की मागच्या टीचरच्या हातातली पर्स पडली.

"नो! नो, आंटी, नो! बोट इज डाऊन! ऑल पीपल फॉल इन सी! टर्न इट! टर्न इट फास्ट!"

मी होडी उलटी धरली होती! आता कोळ्याच्या पोरीसमोर उलटी होडी धरायची म्हणजे काय, ते मला त्या क्षणी कळलं. तिचे वडील, काका, सगळे होडीवर. तिच्या घरी ताटलीसुद्धा कुणी पालथी ठेवत नसेल! मी घाबरून कार्ड फिरवलं, तर आडवं झालं.

"नॉट लाइक धिस!" तिनं ते माझ्या हातातून हिसकावून घेतलं, सरळ केलं आणि सरांना दाखवून सांगायला लागली, "धिस इज बोट. माय फादर गो इन बोट. माय मदर सेल फिश. आंटी डोन्ट नो. इफ बोट इज डाऊन, नो फादर, नो फिश!"

आणि माझ्या तोंडातून काय निघालं माहितीय?

"गो बाय माझे! बोललंस गो चेडवा! बोललंस!"

झालं! एकदा बांध फुटला तो फुटलाच. मी तिला कवटाळलं, मालवणीत दृष्ट काढली, कडाकडा बोटं मोडली, दत्ताला, एकवीरेला आणि जवळ ज्युलिएट होती म्हणून मदर मेरीलाही हात जोडले. हे सगळं मोठमोठ्यानं! बरं, थांबावं ना? तर तेही नाही. "मॅडम, हिला पयलीत नका हो बसवू, मी पाया पडतंय!" इथपर्यंत गेले.

गप्प झाले तेव्हा पाहुण्या टीचर माझ्याकडे, झाड बोलावं तशा बघत होत्या.

मॅडमनी घसा साफ केला. "तुम्ही... मराठी?"

"मालवणी," मी म्हटलं.

"पण उटीचं बोर्डिंग?"

"मी महाबळेश्वरच्या पुढे कधी गेले नाही हो. इंग्रजीत मी मॅट्रिकला काठावर सुटले. त्या पोरीचा डबा द्यायला आले होते, तर या टीचरनी बसवलं."

"मग गप्प का बसायचात?"

"चातुर्मासाचा नेम होता," मी पुटपुटले. "गुरुवारचं मौन."

ज्युलिएटनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलत होते. रडतेय की हसतेय ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. मॅडमचा चेहरा मात्र माझ्या वरच्या वहिनींच्या कारल्यासारखा झाला होता.

तेवढ्यात ट्रस्टी सर जान्हवीला म्हणाले, "हू इज धिस आंटी?"

कुलूप आता कसलं राहतंय! ती छाती काढून म्हणाली, "शी कम ऑन थर्सडे. शी डोन्ट नो इंग्लिश. वुई टीच हर."

बाकीच्या तिघांनीही माना डोलावल्या. अगदी गंभीरपणे. म्हणजे ऐका! एवढे महिने माझी समजूत, की मी या मुलांना मदत करतेय. शाळेची समजूत, की मी महापंडित आहे. आणि मुलांची समजूत अशी, की ही मागच्या बाकावरची एक बिचारी कच्ची विद्यार्थिनी आहे, हिला इंग्रजीतला 'ई' येत नाही, हिला आपणच पुढे आणायचं आहे!

सर इतके हसले, की त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. मॅडमकडे वळून मराठीत म्हणाले, "हिला पहिलीत बसवायची भाषा आता कोणी काढायची नाही. ही दुसरीतच राहील." मॅडमही शेवटी हसल्या. मी खिडकीतून सुगंधाला हात केला. यावेळी तिला अर्थ बरोब्बर कळला. तिनं पाटीवरचं फडकं काढून वाऱ्यावर असं उडवलं की दोन मांजरं पळाली.

मी पदरानं तोंड पुसून उठायला लागले. म्हटलं, आता सुटले.

पण सरांची मजा संपली नव्हती. त्यांनी जान्हवीला जवळ घेतलं, माझ्याकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "अँड युवर आंटी? विल शी पास?"

पोरीनं मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. खोटं तर बोलायचं नव्हतं, आणि मला दुखवायचंही नव्हतं. खूप विचार केला बिचारीनं. मग माझ्या पाठीवर हळूच थोपटून म्हणाली,

"मेबी नेक्स्ट इयर."